खळ घातलेल्या जर्सी

“रत्ने, ही एवढी पांढरी कापडं कुणाची गं? कुणी गेलं का काय?”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात टोपलीभर जर्सी पडल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या इचलकरंजीकडं सासूला आत्याच म्हणतात. माझं पहिलं बाळंतपण करायला त्या बोटीनं यॉर्कशायरला आल्या होत्या, आणि बंदराला पाय लागल्यापासून त्यांनी इथल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचा सपाटा लावला होता. इथल्या दुधाला साय धरत नाही, इथला सूर्य कामचुकार आहे, इथल्या बायका चुलीपुढं टोपी घालून बसतात. सन चौसष्टचा ईस्टर तोंडावर आला होता.

“कुणी गेलेलं नाही, आत्या. तुमच्या लेकाच्या खेळाचे सदरे आहेत. यंदा धुवायची पाळी आपली. सोमवारी सामना आहे.”

“हुतूतूला सदरा कशाला लागतोय?”

“हुतूतू नाही, रग्बी.”

मग मी त्यांना समजेल तसं सांगितलं. दोन्हीकडं तेरा-तेरा गडी. लांबुळका चेंडू काखोटीला मारून पलीकडच्या रेषेपार पळायचं आणि समोरच्यांनी त्याला धरून पाडायचं. आत्या म्हणाल्या, म्हणजे हुतूतूच की, आणि त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. त्यांचा शशिकांत, म्हणजे आमचे हे, गावाकडं हुतूतूचा नामांकित गडी. धरून पाडणं ह्यांना उपजत येत होतं. सोडणं तेवढं येत नव्हतं. हुतूतूत समोरच्याचा दम तुटेपर्यंत पकड सोडायची नाही, आणि इथं माणूस खाली आला की लगेच सोडायचं. ह्यांच्यापायी पंच शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचा.

ह्यांच्या संघाचं नाव ‘इतर देश’. असा एक मोठा संघ इंग्लंडात खरोखरच होऊन गेला होता. इथल्या क्लबांतून खेळणारे वेल्श, स्कॉट, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर असे सगळे बाहेरचे एका जर्सीत यायचे आणि इंग्लंडशी खेळायचे. तो संघ जमायचा, काही वर्षं चालायचा, मोडायचा, पुन्हा जमायचा. शेवटी कायमचा मोडला. आमच्या थॉर्नलीसारख्या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात त्याची कुणाला आठवण राहावी असं काही नव्हतं. पण ती यानिसला राहिली.

यानिस गिरणीत ह्यांच्याच खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होता. लाटव्हियाचा. सतराव्या वर्षी लढाईत ओढला गेला आणि लढाई संपली तेव्हा परत जायला देश उरला नव्हता. दुसऱ्यानं गिळला होता. निर्वासितांच्या छावणीतून तो थेट थॉर्नलीच्या गिरणीत आला. इथं आल्यावर कुणीतरी त्याला सामना बघायला नेलं, आणि त्यानं तो संघ पाहिला. सगळे कुठले कुठले, आणि छातीवर एकाच देशाचं नाव, ‘इतर’. यानिसनं मनाशी ठरवलं की आपला देश हाच. तो मोठा संघ मोडल्यावर त्यानं गिरणीतल्या परक्यांना गोळा करून गावापुरता तसाच संघ उभा केला. एक वेल्श, दोन आयरिश, एक जमैकाचा बस कंडक्टर, एक पोलिश खाटीक, आणि असे तेरा होईपर्यंत जे सापडतील ते. जर्सीचा रंग पांढरा, कारण त्यात कुणाच्याच झेंड्याचा रंग नको होता.

दर ईस्टरच्या सोमवारी हा संघ गावच्या संघाशी खेळायचा आणि हरायचा. यंदा मैदानाचे सेक्रेटरी मिस्टर ओल्डरॉइड यांनी स्पष्ट सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी मैदान मागणारे पुष्कळ आहेत. यंदा जिंकलात तर पुढं बघू, हरलात तर हा सामना बंद. सामना बंद म्हणजे संघ बंद, कारण दुसरा सामना त्यांना कोण देणार? बाकीच्यांना वाईट वाटलं असतं आणि चार दिवसांनी ते विसरलेही असते. यानिसचा मात्र तेवढाच एक देश होता.

हे सगळं मी आत्यांना सांगितलं आणि माझ्या तपासणीसाठी दवाखान्यात गेले. “तू जा बाई, ह्या अवघडलेल्या पोटानं वाकू नगंस. मी धुते,” असं त्या म्हणाल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता.

परत आले तर बैठकीच्या खोलीत तेरा माणसं बसलेली. मी दचकून “अगंबाई” म्हणाले आणि मग नीट पाहिलं. माणसं नव्हती, जर्सी होत्या. खुर्च्यांवर, सोफ्यावर, रेडिओला टेकून ताठ बसलेल्या. एकीचाही खांदा पडलेला नव्हता.

“आत्या, ह्या जर्सींना काय केलंत?”

“खळ घातली,” आत्या शांतपणे म्हणाल्या. “तांदळाची. जरा घट्टच केली. कसली ती पोतेरी झाली होती! आपल्या होगाड्यांच्या घरनं असलं कापड बाहेर पडलं तर लोक तोंडात शेण घालतील.”

त्यांच्या चार पिढ्या मागावर गेलेल्या. बिनखळीचं कापड म्हणजे त्यांच्या लेखी पाण्यात पडलेलं मांजर. हे संध्याकाळी घरी आले, जर्सीवर टिचकी मारली, आणि ती पत्र्यासारखी वाजली. हे हसत हसत जमिनीवरच बसले. “आई, ही घालून पळायचं का मिरवणुकीत उभं राहायचं?”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, यानिस जर्सी न्यायला आला. उंच, हाडं दिसणारा, कमी बोलणारा माणूस. मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. त्यानं वरची जर्सी उचलली. कॉलर अंगठ्यानं दाबली. ती करकरली. त्यानं ती नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“हे कुणी केलं?”

“माझ्या सासूबाईंनी,” मी म्हणाले. “माफ करा, त्यांना माहीत नव्हतं. मी आत्ता पाण्यातून काढते, शेगडीपुढं उद्यापर्यंत वाळतील.”

तो खिडकीबाहेर बघत होता. आभाळ भरून आलेलं होतं.

“नको,” तो म्हणाला. “असू द्या.”

भला माणूस, म्हातारीचं मन मोडायला नको म्हणून म्हणाला असेल, असं मी धरून चालले. तेरा ताठ जर्सी दोन्ही हातांवर आडव्या घेऊन, झोपलेलं मूल न्यावं तशा सांभाळत, तो गेला.

सोमवारी मैदानावर भुरभुर पाऊस. आत्या नऊवारीवर ह्यांचा ओव्हरकोट आणि पायांत ह्यांचेच लोकरी मोजे अशा थाटात माझ्याशेजारी छत्रीखाली उभ्या होत्या. अर्धं गाव सामना सोडून त्यांनाच बघत होतं, आणि त्यांना ते मुळीच वावगं वाटत नव्हतं.

कर्ण्यातून खेळाडूंची नावं सांगू लागले. नाव आणि देश. एव्हान्स, वेल्स. होगाडेचं ‘हॉगडी’ झालं, पण पुढं इंडिया आलं आणि आत्यांनी मान डोलावली. शेवटी यानिसचं नाव आलं. त्यापुढं काहीच नाही.

“ह्याच्या गावाचं नाव का घेतलं न्हाई?”

“घेऊ नका असं तोच सांगतो, आत्या.”

आत्यांनी मैदानाकडं निरखून पाहिलं. “मग आज जिंकायलाच पायजे की ह्यानं,” त्या म्हणाल्या, आणि तिथून पुढं त्या सामन्यात माझ्यापेक्षा जास्त गुंतल्या.

आणि काय सांगू, आमचे जिंकूच लागले! लाल जर्सीतले गावचे धिप्पाड गडी धावून येत, मिठी मारत, आणि आमचा माणूस त्यांच्या मिठीतून सुळकन निसटून पुढं जाई. वेल्श एव्हान्स निसटला. जमैकाचा कंडक्टर तिघांतून निसटला. एरवी चेंडू हातात येताच आडवे होणारे आमचे हे तर अर्धं मैदान पळत गेले आणि रेषेपलीकडं पालथे पडले, स्वतःलाच खरं वाटत नसल्यासारखे. आत्या छत्री मिटून ती हवेत नाचवू लागल्या. “सुटला! बघ सुटला! शशा, पळ!”

यानिस तेवढा हसत नव्हता. प्रत्येक गुणानंतर तो मान खाली घालून आपल्या जागी परत यायचा.

मध्यंतराला थोडा वेळ होता तेव्हा एका लाल गड्यानं आमच्या खाटकाला धरलं, तो निसटला, आणि लाल गडी आपल्या पंजाकडं बघत उभा राहिला. पांढरं, बुळबुळीत, ताणलं की तार निघेल असं काहीतरी. त्यानं ते वास घेऊन पाहिलं आणि थेट पंचाकडं चालत गेला.

“ग्रीज!” कडेनं कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडू लागले.

“आत्या,” मी म्हणाले, “खळ सुटली.”

मध्यंतरात मला पत्र्याच्या शेडमध्ये बोलावणं आलं. आत्या न बोलावता आल्या. आत तेरा जण ओळीनं बसलेले, अंगावर पेज सांडल्यासारखे, आणि समोर पंच आणि मिस्टर ओल्डरॉइड.

“मिसेस होगाडे, ह्या तुम्ही धुतल्या? ह्यावर काय लावलंय?”

“तांदूळ,” मी म्हणाले.

ओल्डरॉइडनी नखानं एक जर्सी खरवडून पाहिली. “तांदूळ?”

काय चाललंय ते आत्यांना भाषेवाचून कळलं. त्या पुढं झाल्या, ह्यांच्या जर्सीवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांदेखत ते चाटलं. “खायची वस्तू हाय म्हणावं. दोष असलाच तर माझा हाय. पोरांना काय बोलू नका म्हणावं.”

मी ते जसंच्या तसं सांगितलं. पंचाला हसू आवरेना. त्यानं रुमाल तोंडाशी धरला. मग तो म्हणाला, कपट काही दिसत नाही आणि नियमात भाताबद्दल एक अक्षर नाही. झालेले गुण राहतील. दुसऱ्या डावात मात्र ह्या जर्सी चालणार नाहीत. दुसरं काहीही घाला, फक्त लाल नको.

शेडमध्ये एकच आरोळी उठली. आमच्याकडं एवढे गुण होते की नुसतं बसून राहिलं असतं तरी सामना हातात होता.

तेव्हा यानिस उभा राहिला.

“गुण पुसा,” तो म्हणाला.

“काय?”

“पहिल्या डावातले आमचे गुण पुसा. त्यांचेही. शून्यापासून खेळू.”

सगळे त्याच्यावर तुटून पडले. कंडक्टरनं डोक्याला हात लावला. हे तर त्याच्या अंगावर धावूनच गेले. “वेडा झालास का? पंच स्वतः म्हणतोय राहू देत, आणि तू? दरसाल तूच म्हणतोस ना, हा माझा देश?”

“हो,” यानिस म्हणाला. “म्हणूनच.”

ओरडा चालूच राहिला. पण कप्तान तो होता, आणि संघही त्यानंच जमवलेला. ओल्डरॉइडनी टोपी काढली, परत घातली आणि मान हलवून बाहेर गेले.

मग जी पळापळ झाली ती आठवली की मला अजून हसू येतं. कंडक्टर बसच्या गणवेशाचा सदरा घालून आला, बिल्ल्यासकट. एव्हान्सच्या बायकोनं नवऱ्याचा देवळातल्या गायकवृंदाचा सदरा मोटारीतून काढून आणला. खाटकानं पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी चढवलं. दोघा आयरिशांनी कुणाचे तरी शिवणीवर फाटलेले स्वेटर मागून आणले. ह्यांच्या वाट्याला माझं पोटावर सैल केलेलं निळं कार्डिगन आलं, मोठाल्या फुलाफुलांच्या गुंड्यांचं. यानिसकडं घालायला काही नव्हतं. तो नुसत्या बनियनवर उतरला. उतरण्याआधी त्यानं आपली ओली जर्सी नीट घडी करून, कुणालाही न विचारता, आत्यांच्या हातात दिली.

“आपले कुठले ते कळणार कसं?” आत्यांनी विचारलं.

“जो लाल नाही तो आपला, आत्या.”

“सोपं हाय,” त्या म्हणाल्या.

तो दुसरा डाव त्या दिवशी मैदानावर असलेलं कुणी विसरलं नसेल. आता निसटता येत नव्हतं. धरलं की धरलं जात होतं. चिखलात लोळून सगळे सारखेच मातकट झाले. यानिसला तर जणू आज हाडं जपायचीच नव्हती. पडायचा, उठायचा, पुन्हा जाऊन धडकायचा. गावच्यांनी गुण घेतले, आमच्यांनी फेडले. गावचे लोकसुद्धा शेवटी शेवटी कार्डिगनला टाळ्या देऊ लागले.

सामना बरोबरीत, आणि वेळ संपत आलेली. गावचा एक दांडगा गडी चेंडू घेऊन आमच्या रेषेकडं सुटला. ह्यांनी त्याला मागून कमरेत गाठला आणि पाडला. काय पकड होती! सगळे आनंदानं ओरडले. पंच म्हणाला, सोड. ह्यांनी सोडलं नाही. हे डोळे मिटून, दात आवळून, त्याचा दम तुटायची वाट बघत त्याच्यावर पडून राहिले.

“शशा, सोड रं त्याला!” आत्या किंचाळल्या. त्यांना एव्हाना खेळ कळला होता.

शिट्टी वाजली. दंड. गावच्यांनी चेंडू ठेवला, लाथ मारली आणि तो दोन खांबांच्या मधून गेला. दोन गुण. तेवढ्यानंच आम्ही हरलो.

मिस्टर ओल्डरॉइड येऊन सगळ्यांशी हात मिळवून गेले. माणूस वाईट नव्हता. यानिसचा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी मैदान पोरांच्या सामन्यांना द्यायचं ठरलंय. यानिस म्हणाला, बरोबर आहे. आणि तो मैदानाच्या कडेचे झेंडे उपटून गोळा करू लागला, दरवर्षी करायचा तसा.

हे कार्डिगनच्या गुंड्यांवर मान टाकून बसले होते. आत्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “माझ्या खळीनं त्या माणसाचा देश बुडाला गं,” त्या म्हणत होत्या. “चल. मला त्याची माफी मागायची हाय.”

“आत्या, चुकून झालं. आणि हरलो ते तुमच्या लेकामुळं.”

“तू चल.”

आम्ही चिखलातून त्याच्यापर्यंत गेलो. आत्यांनी दोन्ही हात जोडले. मी सांगू लागले, की त्या म्हणतात, त्यांच्यामुळं...

“नाही,” यानिस म्हणाला. त्यानं हातातले झेंडे खाली ठेवले. “त्यांना सांगा, मला रविवारीच माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“पावसात काय होणार ते. आमच्याकडं खळ बटाट्याची करतात. शनिवारी आई बटाट्याचं पाणी उकळायची, रविवारी देवळात जायचा सदरा असा उभा राहायचा. वाटेत पाऊस लागला की सगळं अंग बुळबुळीत. मग घरी आल्यावर मार.” तो किंचित हसला. “तुम्ही म्हणालात, पाण्यातून काढते. मी आभाळ बघितलं होतं. काढा म्हणायला हवं होतं. पण ती कॉलर हाताला लागली, आणि... घरातून निघालो त्या दिवशी अंगावर तसा सदरा होता. त्यानंतर आजपर्यंत कधीच नाही. मला एकदा घालायचा होता, मिसेस होगाडे. म्हणून मी गप्प बसलो. ते गुण आमचे नव्हते.”

मला पुढचं नीट दिसेना. मी आत्यांना एकेक वाक्य सांगत गेले. आत्या ऐकत होत्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं नाही.

“आई हाय का त्याची?”

मी ते यानिसला विचारलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “वीस वर्षं झाली. कुणी सांगणारं नाही.”

आत्यांनी ती ओली घडी उराशी धरली होती. त्या काहीतरी मायेचं बोलतील, देवाचं नाव घेतील असं मला वाटलं. पण त्या बाईचं सगळंच वेगळं.

“विचार त्याला, घरात सदरे किती हायत त्याच्या?”

“आत्या, हे काय विचारणं झालं?”

“विचार म्हणते ना.”

यानिसनं विचार करून सांगितलं. तीन. त्यातला एक बरा.

“उद्या सांजच्याला तिन्ही घिऊन ये म्हणावं,” आत्या म्हणाल्या. “आणि जेवून यायचं न्हाई म्हणावं.”

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. असल्या माणसांना कुणाच्या दारात उभं राहायचा संकोच असतो. पण दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर दारावर थाप पडली. वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काखेत घेऊन यानिस उभा होता, केस ओले करून नीट बसवलेले.

आत्यांनी पुडकं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि तिथंच उंबऱ्यात सोडलं. पहिला सदरा उजेडात धरला. कॉलर झिजून दोरे लोंबत होते, एका बाहीची गुंडी गेलेली, काखेत टाचणी लावलेली. आत्यांचा पारा चढला.

“हे काय रं? एवढा घोडा झालास, तुला एक गुंडी लावता येत न्हाई? आणि ही टाचणी? अंगात घुसली असती मग? असा हिंडत होतास होय चारचौघांत? कुणी सांगणारं न्हाई म्हणून काय झालं?”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. त्याला ह्यातला एक शब्द कळत नव्हता. पण तो उंच माणूस दारात मान खाली घालून, दोन्ही हात बाजूला सोडून उभा होता, आणि आत्यांचं रागावणं संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.